घराची किल्ली आणि कपाटाची किल्ली

गणपतीच्या दिवसांत दहिसरमधील कितीतरी सदनिकांच्या दारांना कुलपे लागतात. चाकरमानी कोकणात जातो आणि जाताना घराची किल्ली शेजारच्या काकूंच्या हाती देतो. तुळशीला पाणी घालावयाचे असते. कपाटाची किल्ली मात्र तो बरोबर नेतो. काकूंवर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर सोपविलेल्या कामासाठी त्या किल्लीची गरज नसते म्हणून. हा साधा व्यवहारधर्म तोच गृहस्थ संगणकापुढे बसताच विसरतो, ही आश्चर्याची गोष्ट होय.

त्याच गावी जाण्याच्या तिकिटाचे उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. गर्दीच्या दिवसांतील जागा पाहता पाहता संपतात. मग आपले खाते आणि परवलीचा शब्द ओळखीच्या दलालाच्या किंवा कचेरीतील एखाद्या चलाख सहकाऱ्याच्या स्वाधीन केला जातो. या गर्दीत स्वयंचलित सॉफ्टवेअरही शिरले. २०२५ साली अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद झाली आणि जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटांसाठी आधारची पडताळणी आवश्यक ठरली. दलालांच्या यंत्रांना आवर घालणे अपरिहार्यच होते.

परंतु प्रत्येक यंत्र दलालाचे नसते. सॉफ्टवेअर एजंट नावाचा नवा गुमास्ता आता घरोघर येऊ लागला आहे. तो संकेतस्थळ उघडतो, मजकूर वाचतो, अर्ज भरतो, विजेचे बिल फेडतो. वृद्ध आईवडिलांची बिले दुरून सांभाळणाऱ्या मुलास त्याचा मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, खात्याच्या दारातून आत जाण्यासाठी या गुमास्त्यास परवलीचा शब्द कसा द्यावयाचा?

त्याच्याशी चाललेल्या संभाषणात तो सरळ लिहून द्यावा, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग होय. तो शब्द नोंदींत राहू शकतो. शिवाय हा गुमास्ता भोळा आहे. एखाद्या पानावर वा पत्रात कोणी दडवून ठेवलेली सूचना तो धन्याची आज्ञा समजून पाळू शकतो. आणि धन्याच्याच नावाने आत गेल्यावर कोणते कृत्य त्याचे व कोणते धन्याचे, हे बँकेस ओळखता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तर असे ठरविले की, ग्राहकाने स्वतःच आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेस कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याने सोसावा. ‘यंत्राने केले’ ही सबब अशा वेळी कितपत चालेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यावर एक उपाय आता उपलब्ध होऊ लागला आहे. परवलीचे शब्द कुलूपबंद ठेवणारे पासवर्ड मॅनेजर ही जणू तिजोरी सांभाळणारी संस्था. वन-पासवर्ड या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशी सोय जाहीर केली की, एजंटाने प्रवेश मागावा, धन्याने आपल्या यंत्रावर संमती द्यावी आणि मॅनेजरने तो शब्द परस्पर ब्राउझरमध्ये भरावा. गुमास्त्यास दार उघडून मिळते. किल्ली त्याच्या दृष्टीसही पडत नाही. अस्सल संकेतस्थळाचा पत्ता जुळल्याखेरीज शब्द न भरण्याची मॅनेजरची रीत फसव्या पानांपासूनही रक्षण करते. एजंटासाठी वेगळी तिजोरी ठेवून तीत केवळ वीजबिलाचे खाते ठेवावे, बँकेचे नव्हे, एवढे तारतम्य मात्र आपणच बाळगावयाचे.

साऱ्या किल्ल्या एकाच पेटीत ठेवणे धोक्याचे नाही काय? आहे. २०२२ साली लास्टपास या कंपनीकडील ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीस गेल्या; ज्यांचा मुख्य शब्द दुबळा, त्यांस सर्वाधिक भय होते. म्हणून मुख्य शब्द लांबलचक हवा आणि दुसरी पडताळणीही हवी. त्याहून मोठी मर्यादा अशी की, तिजोरीचा राखणदार दारापर्यंतच असतो. आत गेलेल्या गुमास्त्याने काय करावे, हे तो ठरवू शकत नाही.

ते बँका, रेल्वे आणि महापालिका यांनीच ठरवावयास हवे. हे अशक्य नाही. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या ई-मँडेटच्या नियमांत रकमेची मर्यादा आहे, पैसे वळते होण्याच्या चोवीस तास आधी सूचना आहे आणि आज्ञा मागे घेण्याचा अधिकारही आहे. २०१६ च्या अकाउंट अॅग्रिगेटर योजनेत तर परवलीचा शब्द न देता, ठरावीक कारणासाठी व मुदतीपुरती माहिती पाहू देण्याची तरतूद झाली. मग ‘बिल पाहा, अमुक रकमेपर्यंत भरा, मार्चअखेरपर्यंतच’ असे मर्यादित मुखत्यारपत्र यंत्रासही का देता येऊ नये? प्रामाणिक गुमास्त्यासाठी वेगळे दार नसेल, तर लोक त्यास आपल्याच वेषात आत पाठविणार. मग चोर आणि नोकर यांतील भेद पहारेकऱ्यास कळावयाचा कसा?

हे दार उघडेपर्यंत दहिसरच्या चाकरमान्याने आपलाच जुना रिवाज आठवावा. तुळशीला पाणी घालणाऱ्यास घराची किल्ली द्यावी, कपाटाची नव्हे.