पियानोचे प्रारंभिक शिक्षण : कान, हात आणि डोळा यांचा क्रम

वाद्यशिक्षणाचा विचार करताना प्रत्येक वाद्याचा स्वभाव प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. गाणाऱ्या विद्यार्थ्याला स्वर स्वतः निर्माण करावा लागतो. व्हायोलिन वाजविणाऱ्याला तारेवरील स्वराची जागा शोधावी लागते, आणि बोट किंचित ढळले तरी कान ती चूक सांगतो. पियानोचे तसे नाही. त्यावर ८८ पट्ट्या आहेत, ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या, आणि प्रत्येक पट्टीमागे एक स्वर आधीच जुळवून ठेवलेला आहे. पट्टी दाबली की स्वर बरोबरच येतो, मग वाजविणाऱ्याने तो ऐकला असो वा नसो. तात्पर्य, पियानो हे ऐकल्यावाचून वाजविता येणारे वाद्य आहे. नवशिक्याच्या दृष्टीने ही त्याची मोठी सोय होय, आणि मोठा धोकाही तोच होय.

या धोक्याचे स्वरूप असे. मुलाच्या डोळ्यांना कागदावर एक चिन्ह दिसते. त्या चिन्हाला एक पट्टी नेमून दिलेली आहे असे त्याला शिकविले जाते. बोट त्या पट्टीवर पडते. डोळ्यापासून बोटापर्यंतचा हा मार्ग कानाला वगळून पुरा होऊ शकतो. टंकलेखन करणाराही नेमके हेच करतो. अशा रीतीने दोन-तीन वर्षे शिकलेला विद्यार्थी पुस्तक समोर असता बिनचूक वाजवितो. पुस्तक काढून घेतले की साधी ओळखीची चालही त्याला पट्ट्यांवर सापडत नाही. प्रारंभिक शिक्षणातील सर्जनशील पद्धतींचा विचार बहुधा मनोरंजनाच्या अंगाने केला जातो. रंगीत चित्रे, गोष्टी, बक्षिसे यांनी मूल रमते हे खरे. परंतु तेवढ्याने वर सांगितलेला प्रश्न सुटत नाही. पद्धतीची खरी कसोटी एकच: तिच्यामुळे विद्यार्थ्याला ऐकणे भाग पडते काय? प्रस्तुत लेखात या कसोटीवर काही पद्धती पारखून पाहावयाच्या आहेत. त्यातही विसाव्या शतकातील हंगेरीतील प्रयत्नांवर भर दिला आहे, कारण तेथे थोर संगीतरचनाकारांनी नवशिक्यांचा प्रश्न आपला मानला.

वादन, श्रवण आणि रचना यांची फारकत मुळापासूनची नव्हे. योहान सेबास्टियन बाख याने १७२० मध्ये आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी एक वही आरंभिली. तीत प्रारंभी स्वरचिन्हांची ओळख आहे, अलंकरणांचे कोष्टक आहे, बोटांचा क्रम दाखविणारी छोटी रचना आहे. आणि लगोलग खरे संगीत आहे. याच वहीतून पुढे ‘इन्व्हेन्शन्स’ या प्रसिद्ध रचना आकारास आल्या. १७२३ च्या प्रतीच्या मुखपृष्ठावर बाखने त्यांचा हेतू नमूद केला आहे. विद्यार्थ्याने दोन स्वरधारा स्पष्टपणे वाजवाव्यात, त्याचे वादन गाण्यासारखे व्हावे, आणि त्याबरोबरच रचनेचीही गोडी त्याला लागावी, असा तो हेतू आहे. वादक आणि रचनाकार हे दोन निराळे प्राणी आहेत ही कल्पना त्या कार्यशाळेत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. पियानो कारखान्यांतून तयार होऊ लागला, मध्यमवर्गीय घरांत शिरला, आणि शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. पुष्कळांना एकाच मापाने शिकवावयाचे तर शिक्षणाचे तुकडे पाडणे ओघानेच आले. योहान बर्नहार्ड लोगियर याने १८१४ मध्ये ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या यंत्राचे एकस्व मिळविले. मनगट व बोटे ठराविक स्थितीत धरून ठेवणारी ती चौकट होती. पुढे चेर्नीचे असंख्य अभ्यास आले, आणि १८७३ मध्ये आनों याची ६० व्यायामांची पुस्तिका आली. या अभ्यासांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. बोटांना बळ व समता त्यांनी निश्चित येते. परंतु एकच आकृती पायरीपायरीने वर सरकत जाते तेव्हा पुढे काय येणार हे बोटाला ठाऊक असते, आणि कानाला करावयास काहीच उरत नाही. रॉबर्ट शूमानने १८४८ मध्ये आपली थोरली मुलगी मारी हिच्या वाढदिवसाच्या निमित्ताने काही छोट्या रचना केल्या. त्यांतून ४३ रचनांचा ‘तरुणांसाठी संग्रह’ तयार झाला. शुष्क व्यायामाच्या जागी काव्यमय संगीत देण्याचा तो प्रयत्न होता. मात्र त्यातील बऱ्याच रचना अगदी पहिल्या दिवसांच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यापलीकडच्या आहेत. पहिल्या धड्यात संगीत कसे आणावे हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्या प्रश्नाला बेला बार्टोकने पद्धतशीर हात घातला. १९१३ मध्ये शांडोर रेशोफ्स्की यांच्या सहकार्याने त्याने एक पियानो-पाठ्यपुस्तक केले होते. परंतु त्याचे परिपक्व चिंतन ‘मिक्रोकोस्मोस’ या सहा भागांच्या ग्रंथात उतरले. १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेल्या आणि १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात सोप्याकडून कठिणाकडे जाणाऱ्या १५३ रचना आहेत. पहिले दोन भाग त्याने आपला मुलगा पेटर यास अर्पण केले आहेत. १९३३ मध्ये, नवव्या वर्षी, पेटर वडिलांजवळ पियानो शिकू लागला. पेटरने पुढे लिहिलेल्या आठवणीनुसार आरंभी त्याला केवळ गावयास लावले जाई; बोटांचे व्यायाम मागाहून आले, आणि तेही वडील त्या त्या वेळी रचून देत. ज्याने आयुष्यभर लोकगीते गोळा केली त्याला शिक्षणाचा आरंभ कंठापासून व्हावा असे वाटले, यात नवल नाही.

या ग्रंथातील पहिल्या सहा रचनांत दोन्ही हात एकाच वेळी एकच चाल वाजवितात. वरवर पाहता यात विशेष काही नाही. परंतु मानवी हातांची ठेवण एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी आहे. उजव्या हाताचा अंगठा जो स्वर वाजवितो तोच स्वर डाव्या हाताच्या करंगळीला वाजवावा लागतो. म्हणजे कानाला चाल एकच ऐकू येते, पण हातांना दोन निराळी कामे करावी लागतात. हातांना एकत्र ठेवणारा दुवा कान हाच असतो. याच्या उलट, बाराव्या रचनेचे नावच ‘प्रतिबिंब’ असे आहे. तीत एक हात वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो. दोन्ही हातांची तीच बोटे एकदम पडतात, त्यामुळे हाताला ती सोपी. पण आता कानाला दोन भिन्न चाली एकाच वेळी ऐकाव्या लागतात. चौदावी रचना प्रश्नोत्तराची आहे, आणि तिच्या स्वरांखाली गावयाचे शब्दही दिले आहेत. पहिल्या भागातच एका हाताने दुसऱ्याचे अनुकरण करण्याच्या रचना येतात. प्रत्येक रचनेत अडचण एकच असते, आणि ती ऐकूनच सुटते. हे या ग्रंथाचे मर्म होय. सोप्या रचना निरनिराळ्या स्वरांपासून सुरू करून वाजवाव्यात अशी सूचनाही बार्टोकने प्रस्तावनेत केली आहे. शिवाय चौथ्या भागाबरोबर बाखच्या सोप्या रचना आणि चेर्नीचे अभ्यासही घ्यावेत असे त्याने सुचविले आहे. व्यायामाशी त्याचे वैर नव्हते, हे यावरून दिसते.

बार्टोकचा समकालीन झोल्टान कोडाय याने दुसऱ्या टोकाकडून आरंभ केला. वाद्य हाती देण्यापूर्वी मुलाला स्वरनामांनी गाता व वाचता आले पाहिजे, हा त्याच्या शिक्षणविचाराचा गाभा होय. १९४५ मधील त्याची ‘काळ्या पट्ट्यांवरील २४ लहान अनुकरणरचना’ ही पुस्तिका आपल्याकडील वाचकांना विशेष उद्बोधक वाटेल. काळ्या पट्ट्या केवळ पाच स्वर देतात, आणि ते कसेही एकत्र आले तरी फारसे खटकत नाहीत. आता पेटीवरील आपल्या परिचित नावांनी हे पाहू. काळी तीन हा षड्ज मानला, तर पाच काळ्या पट्ट्यांवर भूपाचे स्वर मिळतात. काळी एक षड्ज मानली तर त्याच पट्ट्या दुर्गेचे स्वर देतात, काळी चार मानली तर मध्यमाद सारंगाचे, आणि काळी पाच मानली तर मालकंसाचे. आपल्या संगीतशास्त्रातील मूर्च्छनाभेदाचेच हे उदाहरण होय. केवळ स्वरसंच म्हणजे राग नव्हे, आणि पियानोचे समविभाजित स्वर रागाच्या श्रुतींशी तंतोतंत जुळत नाहीत, हे येथे विसरता कामा नये. परंतु नवशिक्याच्या शिक्षणासाठी याचा उपयोग उघड आहे. शिक्षकाने खालच्या सप्तकात काळी तीन व काळी एक हे स्वर धरून ठेवावेत, आणि विद्यार्थ्याने वर काळ्या पट्ट्यांवर मन मानेल तसे वाजवावे. नंतर शिक्षकाने आधारस्वर बदलून काळी पाच व काळी दोन घ्यावेत. विद्यार्थ्याची बोटे त्याच पट्ट्यांवर असतात, पण चालीचा रंग पालटतो. हा पालट बोटाला कळत नाही. तो कानालाच कळतो.

बार्टोक व कोडाय यांच्यानंतरच्या पिढीतील ग्यॉर्ग कुर्टाग याने १९७३ मध्ये ‘याटेकोक’ म्हणजे ‘खेळ’ या रचनामालेस आरंभ केला. तिचे पहिले चार भाग १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पियानोला अजून खेळणेच समजणाऱ्या मुलाच्या उत्स्फूर्त चाळ्यांवरून ही कल्पना सुचल्याचे त्याने प्रस्तावनेत म्हटले आहे. मूल पियानोजवळ गेले की तळहात आपटते, मूठ ठेवते, पट्ट्यांवरून बोट घसरवीत नेते. रूढ शिक्षक प्रथम हे थांबवितो. कुर्टाग तेथूनच सुरुवात करतो. या रचनांत तळहात, मूठ व अग्रबाहू यांनी वाजविण्याचे स्वरगुच्छ आहेत, त्यांसाठी सोपी चिन्हे योजिली आहेत, आणि पहिल्या दिवसापासून हात संपूर्ण पट्ट्यांवरून निर्भयपणे फिरतो. एका रचनेत चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो-कन्चेर्टोच्या भव्य आरंभाची आठवण तळहातांच्या स्वरगुच्छांनी करून दिली आहे. ‘सी मधील प्रास्ताविक व वॉल्ट्झ’ या रचनेत तर सी हा एकच स्वर निरनिराळ्या सप्तकांत येतो. स्वर बदलता येत नाही म्हटल्यावर वाजविणाऱ्याजवळ उरते काय? जागा, जोर, लांबी आणि शांतता. संगीताच्या ज्या अंगांकडे नवशिक्याचे लक्ष शेवटी जाते, तीच येथे प्रथम समोर येतात.

बार्टोक पाच बोटे पाच पट्ट्यांवर स्थिर ठेवून आरंभ करतो, तर कुर्टाग आरंभीच सारी पट्टी मोकळी करतो. हा विरोध खरा आहे. पहिल्या मार्गात नेमकेपणा लवकर येतो, पण हात आखडण्याचा संभव असतो. दुसऱ्या मार्गात शरीर मोकळे होते, पण शिक्षक जागरूक नसेल तर खेळाचा गोंगाट व्हावयास वेळ लागत नाही. तथापि दोघांचे मूळ गृहीत एकच आहे. पहिल्या धड्यात, कितीही लहान असो, संपूर्ण संगीत असले पाहिजे. नुसती त्याची पूर्वतयारी नव्हे.

यातून शिक्षकाला व्यवहारात काय घेता येईल? एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. विद्यार्थ्याने सा रे ग म प हे पाच शुद्ध स्वर गावेत आणि पांढरी एकपासून वाजवावेत. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या येतात. पांढरी पाचपासून वाजविले तरी तसेच घडते. आता त्याला पांढरी दोनपासून वाजविण्यास सांगावे. पांढऱ्याच पट्ट्या घेतल्या तर तिसरा स्वर कोमल लागतो व गळ्यातील चालीशी जुळत नाही. शिक्षकाने येथे गप्प राहावे. थोड्या शोधानंतर काळी तीन सापडते. पांढरी चारपासून चौथा स्वर अडतो आणि काळी पाच सापडते. काळ्या पट्ट्या का आहेत, हे विद्यार्थ्याला आता गरजेतून कळले. कागदावरील तीव्रतेचे चिन्ह त्यानंतर दाखविले, तर ते ओळखीच्या अनुभवाचे नाव ठरते. आधी दाखविले, तर तो पाठ करावयाचा नियम ठरतो. कान, मग हात, मग डोळा हा क्रम म्हणजे लेखनाची हेळसांड नव्हे. मूलही प्रथम बोलते आणि मागाहून वाचते.

यावर एक आक्षेप येईल. वाचन लांबविले तर विद्यार्थी ऐकूनच वाजवू लागतो आणि पुढे वाचनाचा कंटाळा करतो. आक्षेप निराधार नाही. म्हणूनच गाऊन शोधलेली प्रत्येक चाल त्याच आठवड्यात विद्यार्थ्याकडून लिहवून घ्यावी; लिहिणारा वाचावयास लवकर शिकतो. दुसरी अडचण संस्थात्मक आहे. मुंबई, पुणे, गोवा येथे लंडनच्या परीक्षामंडळांच्या श्रेणीपरीक्षांकडे दृष्टी ठेवून शिकविण्याची प्रथा रूढ आहे. नेमलेल्या मोजक्या रचनांची वर्षभर उजळणी झाली, तर डोळ्यापासून बोटापर्यंतचा तो अपुरा मार्गच पक्का होतो. हा दोष परीक्षेपेक्षा परीक्षेपुरतेच शिकविण्याचा अधिक आहे.

वस्तुतः कंठापासून आरंभ करण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरनामे गाऊन वाचण्याचे शिक्षण मिळे, आणि व्हायोलिनसारखे वाद्य त्याच्या जोडीने येई. आपल्या गायनपरंपरेत तर अलंकार व पलटे गळ्यातूनच घोटले जातात. पेटी शिकणाऱ्यालाही पियानोप्रमाणेच तयार स्वर मिळतो. म्हणून जो धोका पियानोला तोच पेटीला, आणि उपायही तोच. एकाच वयाच्या दोन गटांपैकी एकास प्रथम गायन व शोध, आणि दुसऱ्यास प्रथम लेखन शिकवून, वर्षअखेर दोन्ही गटांना अपरिचित चाल ऐकून वाजविण्यास व वाचून वाजविण्यास द्यावी. असा तौलनिक अभ्यास आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येण्याजोगा आहे. त्याचे निष्कर्ष काहीही निघोत, पहिल्या धड्याचा विचार हे दुय्यम काम नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे. विद्यार्थी जन्मभर स्वर ऐकणार की नुसत्या पट्ट्या दाबणार, याचा निर्णय पुष्कळदा त्या धड्यातच लागतो.