झिंगा डच, बोटं मोरोक्कोची

लाउअर्सओग, नेदरलँड्स

आपल्या ब्रह्मपुरीला समुद्राचं काय कौतुक! आपला झिंगा वैनगंगेचा, नाहीतर तलावाचा. ढिवराच्या टोपलीतून बाजारात येतो, घरी निवडला जातो आणि वांग्यात पडतो. पण नेदरलँड्स हा देश हिशेब कसा मांडतो ते कळायला झिंग्यासारखी दुसरी वाट नाही.

उत्तर समुद्रातला झिंगा करड्या रंगाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. जाळं वर आलं की माल बोटीवरच्या फिरत्या चाळणीत जातो. बारीक झिंगे पाण्याच्या धारेबरोबर परत समुद्रात, उरलेले तिथल्या तिथे समुद्राच्याच पाण्यात उकळायला. धक्क्यावर पुन्हा चाळणी. कवचाची रुंदी साडेसहा मिलिमीटर भरली नाही तर युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तो झिंगा खाण्यासाठी विकता येत नाही. पुढे सोललेल्या मालात राहिलेले टरफलाचे तुकडे हेरायला कॅमेऱ्याची यंत्रं असतात. मूल-नागभीडकडच्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स पाहिलेल्याला त्याचं नवल वाटू नये. दादाजी खोब्रागड्यांच्या एचएमटी तांदळाचा दाणा घसरणीवरून सुटतो, कॅमेरा डागी दाणा टिपतो आणि हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. तत्त्व तेच, माल तेवढा ओला.

या दोन निवडींच्या मधली पायरी मात्र अडली आहे, ती सोलण्याची. डोकं धरायचं, शेपटीकडचं कवच किंचित पिळायचं, मांस अख्खं ओढून घ्यायचं. हाताला सवय लागली की नजरही लावावी लागत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक झिंग्याचा बाक वेगळा, कवच मऊ आणि मांस नाजूक. किलोभर झिंग्यातून जेमतेम तीनशे-साडेतीनशे ग्रॅम मांस निघतं. त्यातलं थोडं यंत्राने चिरडलं तरी व्यापाऱ्याचं गणित बिघडतं. यंत्रं निघाली आहेत, पण बहुतेक माल अजून हातानेच सोलला जातो.

हे हात पूर्वी इथलेच होते. किनाऱ्यावरच्या गावांत बाया-पोरं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून झिंगे सोलायची आणि वजनावर पैसे मिळायचे. 1990च्या सुमारास स्वच्छतेच्या कारणाने घरी सोलायला बंदी आली. कारखान्यात बसवून सोलून घ्यावं, तर इथे माणसाचा तास महाग: 1 जानेवारी 2024 ला किमान वेतन ताशी 13.27 युरो होतं. मग झिंगा टिकाऊ द्रव्य लावून थंड ट्रकमध्ये चढतो आणि फ्रान्स, स्पेन ओलांडून अडीच हजारांवर किलोमीटर दूर मोरोक्कोत उतरतो. तेतुआन, टँजिअरकडच्या कारखान्यांत रांगेने बसलेल्या बाया तो सोलतात आणि तोच माल पुन्हा उत्तरेला येतो. डिझेल, बर्फ, जहाजभाडं धरूनही हे स्वस्त पडतं. डच माणसाला यात विचित्र काही वाटत नाही. बेरीज जुळली की तो पुढे चालू लागतो. मला मात्र एवढ्या यांत्रिक देशाने आपली सगळ्यात किचकट पायरी समुद्रापल्याड नेऊन ठेवली, हे त्याच्या पवनचक्क्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

या व्यवस्थेची खरी दोरी कुठे आहे ते 2020 मध्ये दिसलं. कोरोनामुळे मोरोक्कोतल्या कारखान्यांत बायांना अंतर सोडून बसवावं लागलं, सोलण्याचा वेग पडला आणि इथली शीतगृहं न सोललेल्या झिंग्याने भरली. बोटी धड होत्या, चाळण्या धड होत्या, समुद्रात झिंगाही होता. तरी डच मच्छीमारांना आठवड्याला किती माल आणायचा यावर मर्यादा घालून घ्यावी लागली.