शेकाट्या, फेस आणि दुधाची पिशवी

टेबल टेनिसच्या टेबलावरची जाळी काढायची, पांढरी चादर अंथरायची आणि ट्यूबलाइटखाली आठ बाय बाराचे प्रिंट मांडायचे, की बैठक सुरू. कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका सोसायटीचा हा हॉल. जमतात ते सगळे हौशी: बँकेतून निवृत्त झालेले काका, हिंजवडीत नोकरी करणारे दोघे-तिघे, एक दंतवैद्य, कॉलेजातली काही मुलं. शिवाय शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक सर. त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेराच नाही. नियम एकच, पण पाळायला महाकठीण: ज्याचा फोटो त्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

कठीण अशासाठी की प्रत्येकाला आधी हकिकत सांगायची असते. पहाटे तीनला उठून सिंहगड कसा चढलो, पावसात एका हातानं छत्री धरून क्लिक कसं केलं. मेहनत खरीच असते, पण ती कागदावर उमटलेली नसते. आणि हकिकत एकदा कानावर पडली की बघणाऱ्यांनाही ती फोटोत दिसायला लागते. मग सगळे भिडेखातर माना डोलावतात.

पुण्यात टोमण्यांचा तुटवडा नाही हे वेगळं सांगायला नको. "छान आहे. कॅमेरा कोणता?" एवढ्या चार शब्दांत माणूस आडवा करता येतो. पण टोमण्यानं जितकं कळतं तितकंच 'वा, मस्त!'नं कळतं, म्हणजे काहीच नाही. सर यातलं काही चालू देत नाहीत. फोटो आवडला का, हे ते विचारतच नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "नजर आधी कुठे गेली?"

विसर्जन मिरवणुकीतला एक ढोलवादक आला होता टेबलावर. लक्ष्मी रस्ता, रात्र, घामानं निथळणारा चेहरा, टिपरू हवेत. काढणाऱ्यानं चेहऱ्यासाठी जीव टाकला होता. पण बघणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर गेली वरच्या कोपऱ्यात, साडीच्या दुकानाच्या पांढऱ्याफटक पाटीवर. बिचाऱ्याला ती पाटी तोवर दिसलीच नव्हती. गर्दीत उभं असताना त्याचं सगळं लक्ष चेहऱ्यात होतं, घरी संगणकावर बघतानाही तेच. हे दुसऱ्याच्याच डोळ्यांनी कळू शकतं, आणि या बैठकीतून घरी न्यायची वस्तू असेल तर ती हीच.

पुढची गंमत बघण्यासारखी. सरांच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे काटकोनी कापलेले दोन तुकडे असतात, इंग्रजी एलच्या आकाराचे. ते प्रिंटवर समोरासमोर ठेवले की चौकट तयार होते, आणि सरकवले की ती लहानमोठी करता येते. सरांनी वरचा तुकडा खाली आणला. पाटी गेली, पण टिपरू धरलेला हातही मनगटापासून गेला. तुकडा थोडा वर घेतला, हात आला, पाटीही आली. पाच मिनिटं हे चाललं होतं आणि सगळे टेबलावर ओणवे झाले होते. शेवटी उमगलं की हा फोटो कापून सुधारणार नाही. काढताना दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं. म्हणजे सूचना मिळाली ती पुढच्या वर्षाच्या मिरवणुकीसाठी.

त्याच फोटोतला गुलाल नुसता लाल डाग झाला होता. "लाल फुटलाय," हिंजवडीकरांपैकी एकजण म्हणाला. मिरवणुकीत लाल एलईडीचा झोत पडला की फोटोतला लाल घटक एकटाच काठोकाठ भरतो, हिरवा-निळा रिकामेच राहतात. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम मात्र सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघायचे आणि एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी ठेवायचं. हे त्यानं सांगितलं आणि ज्याचा फोटो होता त्यानं प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं लिहून घेतलं. अशी सूचना कुणाला लागत नाही. बोलणं यंत्राविषयी असतं.

माणसाविषयी बोलायची वेळ आली की पंचाईत. ज्ञानोबांची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात मुक्कामाला असते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. त्या दिवसांत या पेठांमध्ये वारकऱ्यांच्या जोडीनं कॅमेरेही मुक्कामाला असतात. बँकवाल्या काकांनी तिथल्या एका आजींचा चेहरा आणला होता, कृष्णधवल, अगदी जवळून, सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "काका, आजींना तुम्ही दहा वर्षांनी म्हातारं केलंत."

काकांनी नियम मोडला. "वारीतले चेहरे असेच असतात!"

असे नसतात. एडिटिंगमधला क्लॅरिटीचा स्लायडर उजवीकडे ओढला की मधल्या छटांमधला फरक वाढतो आणि साधी रेघ भेगेसारखी दिसायला लागते. दरवर्षी आषाढात अशा भेगाळलेल्या आज्यांचं पीक येतं, आणि मला तर आता एक आजी दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही. सरांनी काकांना फक्त विचारलं, "त्या काय करत होत्या तेव्हा?" काका जरा घुटमळले. "चहा पीत होत्या. माझी चेष्टा करत होत्या, एवढी मोठी नळी कशाला म्हणून." चहाचा पेला चौकटीच्या खाली कापला गेला होता, चेष्टा स्लायडरखाली. सरांनी पिशवीतून संदेश भंडारे यांचं वारीवरचं पुस्तक काढून काकांपुढे ठेवलं. चेहऱ्याखेरीज चौकटीत काय काय घेतलंय, ते मोजा म्हणाले.

या शहराला तशी चित्राकडे पुन्हापुन्हा बघण्याची सवय आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर 'पथेर पांचाली' एकेका शॉटनं उलगडून शिकवत. हौशी फोटोग्राफरांच्या वाट्याला ते क्वचितच येतं. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून आहे, सलॉन स्पर्धाही भरपूर होतात, पण तिथे परीक्षक काही सेकंद बघून गुण देतात आणि तुम्हाला कळतं ते घेतला की नाही एवढंच. का नाही, ते कोण सांगणार?

सर्वांत लांबलेली चर्चा कवडीपाटच्या फोटोवरची. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरची ही जागा. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, आणि शहराचं सगळं सांडपाणीही. त्याच मुलीनं शेकाट्या टिपला होता, गुलाबी काटकुळे पाय, खाली स्वच्छ प्रतिबिंब. मागे फेस. आणि पायांशेजारी दुधाची रिकामी पिशवी. फोनवर बोट फिरवलं की अशी पिशवी हल्ली क्षणात नाहीशी होते. तिनं ती तशीच ठेवली होती.

"पुसून टाक की," दंतवैद्य म्हणाले. काका उसळले. निसर्ग विभागाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत चौकट कापायला मुभा आहे, पण आतलं काही पुसायला नाही. मानवनिर्मित वस्तूही चालत नाही, ती त्या निसर्गकथेचाच भाग असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे पिशवी ठेवली तर आक्षेप, पुसली तर बाद. राहिलं कापणं. पुठ्ठे आले, सरकले. पिशवी गेली, तिच्याबरोबर अर्धं प्रतिबिंबही.

"नजर आधी कुठे गेली?" सरांनी विचारलं.

सगळ्यांची पिशवीवर. मग पक्ष्याकडे, मग परत पिशवीकडे.

"मग आपण तिला घालवतोय कशाला?" सरांनी दोन्ही पुठ्ठे बाहेरच्या दिशेनं सरकवत प्रिंटच्या कडेपर्यंत नेले. कडेला फेस तुटत होता. "याच्या पलीकडे काय होतं?" मुलीनं लॅपटॉप उघडला. त्याच सकाळची दुसरी फ्रेम: काठापासून काठापर्यंत फेस, जलपर्णी, आणि त्यात बोटाच्या पेराएवढा शेकाट्या. निम्म्या लोकांना पक्षी हरवला असं वाटलं, निम्म्यांना हाच फोटो. वाद मिटला नाही.

"बारा बाय अठरा करून आण, पैसे मी देतो," काका म्हणाले. "पण सांगून ठेवतो, मला पक्षी मोठाच हवाय."