बाळ बारीक आहे, म्हणून काय झाले?

शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी धाकटे बाळ कडेवर घेऊन आई उभी असली, की तिला प्रश्न ठरलेला, "किती बारीक हो हे! दूध पुरत नाही का?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण चार जणींनी विचारले की आई घाबरते आणि बाटली सुरू करते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. कमी ओढले की दूधही कमी येते. त्यात बाटली नीट उकळली नाही तर जुलाब, आणि मग वजन खरोखरच घटते!

दवाखान्यातील वाढीच्या तक्त्यावर पाच-सहा वक्र रेषा असतात. आलेख शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना त्या चटकन समजतील. सर्वांत खालची रेषा बहुधा तिसऱ्या शतमकाची. म्हणजे १०० निरोगी बाळांना वजनाप्रमाणे उभे केले, तर तीन बाळे या रेषेच्या खाली असणारच. वर्षाच्या मुलाचे मधले वजन ९.६ किलो आणि ही खालची रेषा ७.८ किलोवर, मुलींचे आकडे ८.९ आणि ७.१. आईवडील लहान चणीचे असतील तर बाळ खालच्या रेषेजवळ राहणे स्वाभाविक आहे. पाहायचे ते हे, की बाळ आपल्या रेषेला धरून वर चढते आहे की नाही.

हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढले. त्यासाठी भारतासह सहा देशांतील अंगावर पिणारी मुले मोजली; आपल्याकडची मुले दिल्लीची होती. त्याआधीचे तक्ते अमेरिकेतील मुलांवरून केलेले, आणि त्यांतली पुष्कळ मुले बाटलीवर वाढलेली. अंगावरचे बाळ काही महिन्यांनंतर त्यांच्यापेक्षा सावकाश वाढते, म्हणून ते उगाचच मागे पडल्यासारखे दिसे. आजीबाईंच्या मनात अजून तेच गुटगुटीत बाळ आहे, त्याला काय करणार?

पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पुढे दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल, बाळ जागेपणी हसतखेळत असेल, मान धरणे, पालथे पडणे वेळेवर होत असेल, तर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षापर्यंत चाटवूच नये. सहा महिन्यांनंतर मऊ भात-वरण, त्यावर तूप. नुसते वरणाचे पाणी पाजून वजन वाढत नाही.

मात्र रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, बाळ ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, तर थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाच्या बाबतीत तर अधिकच. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय तक्त्यावर मांडताना तेवढे आठवडे वजा करावे लागतात, हे डॉक्टरांकडून आवर्जून समजून घ्यावे.