रक्तदाब आणि कमरेचा घेर

उच्च रक्तदाबाचा रुग्ण नियमितपणे दाब तपासून घेतो, गोळी चालू ठेवतो आणि आकडा आटोक्यात आला की निर्धास्त होतो. त्याच्या कमरेचा घेर मात्र सहसा कोणी मोजत नाही. ही उणीव क्षुल्लक नव्हे.

रक्तदाब पुष्कळदा एकटा येत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ साली असे प्रतिपादन केले की, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी यांच्या बिघाडामागे बऱ्याचदा एकच कारण असते. ते म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणे. अशा वेळी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करते. त्यामुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि दाब चढतो. यकृतही जास्त ट्रायग्लिसराइड तयार करू लागते. या एकत्रित अवस्थेस आज 'मेटाबॉलिक सिंड्रोम', म्हणजेच चयापचय लक्षणसमूह, असे म्हणतात. पोटाचा स्थूलपणा त्यात नंतर समाविष्ट झाला.

२००९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पाचपैकी कोणतीही तीन लक्षणे आढळल्यास निदान होते : दक्षिण आशियाई पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक कंबर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, हितकारक कोलेस्टेरॉल (एचडीएल) पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, आणि रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. गोळीने दाब उतरलेला असला तरी हे शेवटचे लक्षण धरलेच जाते. म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णाला आणखी दोनच लक्षणे पुरतात. असे झाल्यास मधुमेहाचा धोका सुमारे पाचपट व हृदयविकाराचा दुप्पट होतो.

'मी तर सडपातळ आहे' हे समाधानही आपल्याकडे फसवे ठरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

या निदानाला स्वतंत्र महत्त्व द्यावे काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. २००५ मध्ये अमेरिका व युरोपातील मधुमेह संघटनांनी त्याच्या उपयुक्ततेवर संयुक्त निवेदनाद्वारे शंका घेतली होती. परंतु घटक एकेक करून तपासावेत व सुधारावेत, हे उभय पक्षांना मान्य आहे.

कंबर मोजण्यास शिंप्याची फीत पुरते. विजारीचे माप मात्र उपयोगाचे नाही, कारण विजार पोटाखाली बांधली जाते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून झाल्यावर माप घ्यावे. ते जास्त भरल्यास उपाशीपोटी साखर व चरबीची तपासणी करून अहवाल डॉक्टरांना दाखवावा. रक्तदाबाची काही जुनी औषधे, उदाहरणार्थ अॅटेनोलॉल, साखर किंचित वाढवतात. त्यामुळे गोळी बदलण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. रुग्णाने ती परस्पर बंद करू नये.