पिन कोणी टाकला, हा प्रश्न

ऑनलाइन खरेदीत फसवणूक करणाऱ्याला बहुतेक वेळा बँकेची किंवा विक्री-संकेतस्थळाची यंत्रणा फोडावी लागत नाही. ग्राहकाला त्या यंत्रणेबाहेर, म्हणजे खासगी फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या संभाषणात ओढून नेले आणि तेथे त्याच्याच हातून पैसे पाठवून घेतले की भामट्याचे काम होते. फसवणुकीचे बाह्य रूप दर काही महिन्यांनी पालटत असले तरी हा सांगाडा पालटत नाही, आणि तो एकदा ध्यानात आला की पूर्वी न पाहिलेला प्रकारही ओळखता येतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, विशेषतः तारापूर औद्योगिक वसाहतीभोवती वाढलेल्या बोईसरमध्ये, या सांगाड्याला अनुकूल अशी परिस्थिती आहे. येथे परप्रांतातून आलेला मोठा कामगारवर्ग भाड्याच्या खोल्यांत राहतो, गावी पैसे मोबाइलवरूनच पाठवतो आणि खोली बदलताना जुने कपाट किंवा दुचाकी विकण्यासाठी इंटरनेटवर जाहिरात देतो. अशा जाहिरातीला उत्तर देणारा भामटा स्वतःला लष्करातील जवान म्हणवतो, बदली झाल्याचे सांगून वस्तू न पाहताच सांगितलेली किंमत मान्य करतो आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतो. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहाऱ्यावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असल्याने गणवेशातील माणसाची बदली होणे येथे कोणाला नवलाचे वाटत नाही, आणि गणवेशाविषयीच्या आदराचाच भामटा लाभ उठवतो. वास्तविक २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पिन, म्हणजे खातेदाराचा गुप्त क्रमांक, पैसे देताना टाकावा लागतो. पैसे घेण्यासाठी पिनही लागत नाही आणि समोरच्याने पाठवलेला कोड स्कॅनही करावा लागत नाही.

कुरिअरच्या नावाने होणारी फसवणूक अधिक कावेबाज असते, कारण पार्सलची वाट पाहणारा माणूस पार्सलविषयीच्या फोनवर सहज विश्वास ठेवतो. ‘पत्ता सापडत नाही, अमुक क्रमांक डायल करा’ असे सांगून स्टार ४०१ स्टारने सुरू होणारा संकेत डायल करायला लावला, तर ग्राहकाला येणारे फोन भामट्याच्या क्रमांकाकडे वळतात, आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा परवलीचा क्रमांक, त्याच्या कानी पडतो. हा धोका ओळखून दूरसंचार विभागाने अशा संकेतांनी फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करायला लावली. मात्र इंटरनेटवर शोधून काढलेल्या बनावट ‘कस्टमर केअर’ क्रमांकाचा धोका तसाच राहिला असल्याने, परताव्याची तक्रार खरेदी केलेल्या ॲपमधूनच करणे आणि त्यासाठी मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे कोणतेही ॲप न उतरवणे, हेच श्रेयस्कर ठरते.

कच्चा माल ऑनलाइन मागवणारे छोटे कारखानेही यातून सुटत नाहीत. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने, ईमेलच्या पत्त्यात एखादेच अक्षर बदलून, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा निरोप येतो. तो आल्यावर जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घेणे, आणि पुरवठादार नवा असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक शासकीय पोर्टलवर तपासून कायदेशीर नाव खातेदाराच्या नावाशी जुळते का ते पाहणे, यासाठी काही मिनिटे पुरतात.

अशा फसवणुकीला लागू होणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या इतिहासात पालघरचे नाव एका वेगळ्या कारणाने कायमचे नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून येथे दोन तरुणींना अटक झाली, त्यावर देशभर वादळ उठले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी या कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. त्याच कायद्यातील कलम ६६-ड मात्र कायम आहे. संगणक किंवा मोबाइलद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला त्यानुसार ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भामट्याला शिक्षा होणे आणि पैसे परत मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला तोटा सोसावा लागत नाही. परंतु पिन किंवा ओटीपी त्यानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते. सराईत टोळीने बोलण्यात गुंतवून फसवलेल्या कामगाराला निष्काळजी ठरवणारी ही विभागणी कठोर आहे, आणि ती बदलायला हवी.

तोपर्यंत सारी भिस्त वेगावर आहे. गृह मंत्रालयाच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदताच ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तेथे ते अडवण्याचा प्रयत्न होतो. भामटे ते झपाट्याने खात्यामागून खात्यात फिरवत असल्याने पहिले काही तास निर्णायक असतात. ही खाती पुष्कळदा थोड्याशा कमिशनसाठी दुसऱ्याला वापरायला दिलेली असतात, आणि आपले खाते असे देणारा तरुण स्वतःच तपासात अडकतो, हे औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक नवख्या कामगाराला वेळीच कळले पाहिजे. बोईसर पालघर जिल्हा पोलिसांकडे, तर वसई-विरार स्वतंत्र आयुक्तालयाकडे असले, तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.

विक्रेता खरा पण माल खोटा निघाला, तर मार्ग वेगळा असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि त्यापुढे ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे दाद मागता येत असल्याने बोईसरच्या ग्राहकाला कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्कही पडत नाही, मात्र बिल, खोक्यावरची चिठ्ठी आणि शक्य असल्यास खोका उघडतानाचे चित्रीकरण जपून ठेवलेले असावे लागते.