एकाच यानात दोन जमाने

१९९८ साली ॲपलनं निळ्या, अर्धपारदर्शक कवचातला आयमॅक बाजारात आणला. त्यात पॉवरपीसी ७५० जातीचा प्रोसेसर होता, वेग २३३ मेगाहर्ट्झ. आज तो संगणक भंगारवालाही नाक मुरडूनच उचलेल. पण त्याच प्रोसेसरचा सख्खा भाऊ या घडीला मंगळावर एक टनाची गाडी चालवतो आहे! 'पर्सिव्हिअरन्स' १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली, ती आरएडी ७५० नावाच्या प्रोसेसरच्या जोरावर. त्याचा वेग फार तर २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे आयमॅकपेक्षाही कमी. मोहिमेचा खर्च मात्र सुमारे २.७ अब्ज डॉलर.

पैसे होते, मग नवा का नाही घेतला?

कारण मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही, हवाही विरळ. अंतराळातून येणारे वेगवान कण थेट चिपमध्ये घुसतात. एखादा कण स्मृतीच्या एका कप्प्यातून आरपार गेला की तिथला शून्य एक होऊ शकतो, किंवा एकचा शून्य. हा कप्पा म्हणजे विद्युतभाराचा चिमूटभर साठा. रांजणात खडा पडला तर पाणी जेमतेम हलतं. वाटीत पडला तर निम्मं बाहेर सांडतं. ट्रान्झिस्टर जितका लहान, तितकी ती वाटी लहान. म्हणजे ज्या बारीकपणामुळे आपला फोन चपळ होतो, तोच बारीकपणा अवकाशात अंगाशी येतो. म्हणून आरएडी ७५० मुद्दाम जाड्याभरड्या, १५० ते २५० नॅनोमीटरच्या तंत्रानं बनवतात. मूळ आराखडा जुनाच, पण किरणोत्साराला पुरून उरेल असा नव्यानं बांधलेला. या खटाटोपात ट्रान्झिस्टरांची संख्या साठ लाखांच्या आसपास होती ती एक कोटीच्या वर गेली. एका संगणक-पट्टीची किंमत? दोन लाख डॉलरच्या वर. जुनं म्हणजे स्वस्त, हे गणित इथे पार उलटतं.

दुसरं कारण मला जास्त पटतं. २०१२ साली उतरलेल्या 'क्युरिऑसिटी'मध्येही हाच प्रोसेसर आहे. त्यामुळे तिचं बरंचसं सॉफ्टवेअर धाकट्या बहिणीला वारसाहक्कानं मिळालं, आणि ते कुठे अडतं हेही आधीच ठाऊक होतं. शिवाय संगणक दोन: एक चालू, दुसरा राखीव. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीच्या पहिल्या संगणकाची स्मृती बिघडली, तेव्हा कारभार दुसऱ्याकडे सोपवला गेला. ज्याच्या खोड्या माहीत आहेत, अशा गड्याबरोबर लांबचा पल्ला गाठणं सोपं जातं.

आता खरी गंमत. याच पर्सिव्हिअरन्सच्या पोटाखाली 'इंजेन्युइटी' नावाचं १.८ किलोचं हेलिकॉप्टर दुमडून ठेवलेलं होतं, आणि त्यात होता स्नॅपड्रॅगन ८०१. २०१४ च्या सुमाराच्या मोबाइल फोनांतला! वेग २.२६ गिगाहर्ट्झ, म्हणजे गाडीच्या प्रोसेसरच्या दहापटीहून अधिक, तंत्र २८ नॅनोमीटरचं, वर लिनक्स. अंगावर किरणोत्साराचं चिलखत नाही.

हा धाडसीपणा नव्हता, नाइलाज होता. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का. तिथे तरंगायचं तर पाती मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतात आणि तोल सेकंदाला ५०० वेळा सावरावा लागतो. शिवाय खालच्या जमिनीची सेकंदाला तीस छायाचित्रं घेऊन 'मी कुठे आहे' हेही स्वतःच ठरवायचं, कारण पृथ्वीवरून संदेश पोचायला कित्येक मिनिटं लागतात. हे आरएडी ७५० च्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून प्रमुख अभियंता, मद्रास आयआयटीत शिकलेले बॉब बलराम आणि त्यांच्या चमूनं विचाराचं काम नव्या चिपवर टाकलं. तोल सावरण्याचं काम मात्र मोटारींच्या सुरक्षा यंत्रणांसाठी बनवलेल्या दोन जुळ्या नियंत्रकांवर. एक चुकला तर दुसरा हात देणार. त्या दोघांवर लक्ष ठेवायला किरणोत्साराला न बधणारी आणखी एक चिप.

ठरली होती फार तर पाच उड्डाणं. १९ एप्रिल २०२१ ला पहिलं झालं, १८ जानेवारी २०२४ ला बहात्तरावं! शेवटी मोडली ती पाती. प्रोसेसर चालूच होता.

तेव्हा प्रश्न जुना की नवा एवढाच नसतो. काम बंद पडलं तर किती महागात पडेल, हे आधी विचारावं. गाडी बंद पडली तर मोहीमच संपली; हेलिकॉप्टर पडलं असतं तर प्रयोग फसला असता, इतकंच. घरचा संगणक बदलायला निघालेल्यांनीही हाच हिशेब मांडावा. पण जुन्यालाच चिकटून बसण्याची किंमतही असते बरं का. २००२ साली नासाचे लोक स्पेस शटलच्या तपासणी-यंत्रांसाठी इंटेल ८०८६ च्या जुन्या चिपा ईबेवर शोधत होते, कारण त्या नव्यानं मिळेनाशा झाल्या होत्या.

आरएडी ७५० चा वारसदारही येऊ घातला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये नासानं मायक्रोचिप कंपनीला ५ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं: सध्याच्या अवकाश-संगणकांच्या निदान शंभरपट ताकद हवी, आणि लांबच्या संथ प्रवासात नको असलेले भाग बंद करून वीज वाचवता यायला हवी.